बाल्डर्स गेट ३ मधली लढाई शिकायची तर डॅमेज नको, टर्न मोजा

बाल्डर्स गेट ३ हा आळीपाळीने लढायचा रोल-प्लेइंग गेम पहिल्यांदा खेळत होतो तेव्हा ब्लाइटेड व्हिलेज या गावाच्या तोंडाशीच माझी चार जणांची अख्खी पार्टी आडवी झाली, आणि एकदा नाही, लागोपाठ तीनदा. चौघं एकमेकांना खेटून रस्त्याने सरळ आत गेलो, वर छपरांवर गॉब्लिन तिरंदाज बसलेले, आम्ही खाली उघड्यावर. पहिल्याच राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड) आमचा जादूगार गेल पडला, त्याला उठवण्यात बरं करणाऱ्या शॅडोहार्टचा टर्न (पाळी) गेला, तो उठला आणि परत पडला, तोपर्यंत आमची योद्धा लेझेल एकटी तिघांच्या मध्ये सापडलेली. चौथ्या वेळी माझ्याकडे नवीन काहीच नव्हतं, तीच लेव्हल, तीच शस्त्रं, तेच स्पेल (जादूचे मंत्र). फक्त गावात शिरायच्या आधी पार्टीचा ग्रुप तोडला, अ‍ॅस्टारियनला (हा पार्टीतला चोर) लपतछपत बाजूने छपरावर चढवला, गेलला लांब उंचावर उभा केला आणि मग लेझेलला पुढे काढली. अ‍ॅस्टारियनने पहिल्याच टर्नला एका तिरंदाजाला छपरावरून खाली ढकलला, तो पडला थेट लेझेलच्या समोर, आणि तिने तिथेच त्याचा निकाल लावला. लढाई तीन राउंडमध्ये संपली, आमचं कोणीही पडलं नाही.

तेव्हापासून मी या गेमकडे एकाच नजरेने बघतो आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो, की डॅमेज किती केलंत ते मोजू नका, समोरच्याला किती टर्न मिळाले ते मोजा. शत्रूचा एक हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) उरला असला तरी तो पूर्ण ताकदीने मारतो, अर्धमेला म्हणून त्याची तलवार अर्धी लागत नाही. साधा हिशोब करू. समोर चार शत्रू, प्रत्येकाचे २० हिट पॉइंट, आणि तुमची चौघांची पार्टी मिळून एका राउंडला २० डॅमेज करते, पहिली चाल तुमची. तुम्ही डॅमेज वाटून दिलंत, प्रत्येकाला पाच-पाच, तर पहिले तीन राउंड चौघंही जिवंत, म्हणजे त्यांना १२ टर्न मिळाले आणि चौथ्या राउंडला ते सगळे एकदम पडले. तेच सगळ्यांनी मिळून एकेकाला गाठलंत तर पहिल्या राउंडनंतर तीन उरतात, मग दोन, मग एक, म्हणजे एकूण सहा टर्न. तुमचं डॅमेज तेवढंच, मार मात्र अर्धा खाल्लात. बाकी सगळी टॅक्टिक्स या एका हिशोबातूनच निघतात.

आता टर्नमध्ये काय काय असतं ते नीट डोक्यात बसवा, कारण नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त वाया घालवतो. एक अ‍ॅक्शन, एक बोनस अ‍ॅक्शन, चालायचं अंतर (बहुतेकांना ९ मीटर, ड्वॉर्फ, हाफलिंग, नोम यांना ७.५) आणि दुसऱ्याच्या टर्नमध्ये वापरायची एक रिअ‍ॅक्शन. अ‍ॅक्शन सगळेच वापरतात, बोनस अ‍ॅक्शन मात्र अर्धे लोक विसरून टर्न संपवतात. पोशन पिणं बोनस अ‍ॅक्शन आहे, ढकलणं बोनस अ‍ॅक्शन आहे, उडी मारणं पण (त्यात तीन मीटर चालणं खर्च होतं पण बऱ्याचदा त्यापेक्षा जास्त अंतर कापता येतं), हीलिंग वर्ड (लांबून बरं करणारा स्पेल) आणि मिस्टी स्टेप (क्षणात दुसरीकडे नेणारा) पण बोनस अ‍ॅक्शनच. टर्न संपवायचं बटण दाबायच्या आधी खाली एकदा बघायची सवय लावा, काही शिल्लक आहे का. आणि हो, शत्रूच्या जवळून उगाच उठून पळू नका, त्याला फुकटचा घाव मिळतो, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने त्याला जास्तीचा अर्धा टर्न दिलात.

ढकलण्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण मला ते मनापासून आवडतं. कडेवर उभा असलेला शत्रू म्हणजे मेलेलाच शत्रू. खोल दरी असेल तर तो हिट पॉइंटसकट गायब, फक्त त्याच्या अंगावरचा माल पण त्याच्याबरोबर जातो, तेव्हा ज्याच्याकडे चांगलं शस्त्र दिसतंय त्याला दरीत टाकायच्या आधी विचार करा. दरी नसली तरी उंचावरून पडल्याचं डॅमेज लागतं, आणि त्याला परत वर यायला चालणं खर्च करावं लागतं. कोणाला ढकलता येईल ते माउस नेला की टक्क्यांत दिसतं. लेझेल, कार्लाक अशी ताकदवान मंडळी यात भारी.

यातलं बरंचसं लढाई सुरू व्हायच्या आधीच ठरतं. या गेममध्ये इनिशिएटिव्हसाठी (कोणाचा टर्न आधी ते ठरवणारा आकडा) फक्त ४ बाजूंचा फासा पडतो आणि त्यात डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) बोनस मिळतो. मूळ टेबलवरच्या खेळात, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, हा फासा २० बाजूंचा असतो, तिथे नशिबाचा भाग मोठा, इथे मात्र डेक्स्टेरिटी १६-१७ असलेला माणूस जवळजवळ दरवेळी पुढेच असतो. म्हणून अ‍ॅस्टारियनसारखा कोणीतरी पार्टीत असणं सोन्यासारखं आहे, आणि अलर्ट नावाचं फीट (लेव्हल वाढताना निवडायचं खास कौशल्य) इनिशिएटिव्हला थेट पाच देतं, जिथे फासाच जास्तीत जास्त चार देतो तिथे पाच म्हणजे केवढं मोठं झालं ते बघा. ज्याच्याकडे शत्रूला जागेवर अडकवणारे स्पेल आहेत त्याला हे फीट द्या. गर्दीवर पहिला स्पेल तुमचा पडणं आणि तोच शेवटून दुसरा पडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणखी एक गोष्ट खूप लोकांना उशिरा कळते. स्क्रीनच्या वरच्या, टर्नचा क्रम दाखवणाऱ्या पट्टीत तुमच्या दोन माणसांचे टर्न एकापाठोपाठ एक आले तर दोघांचे टर्न एकत्र चालू असतात, तुम्ही एकाचं थोडं करून दुसऱ्याकडे जाऊन परत पहिल्याकडे येऊ शकता. म्हणजे लेझेलने आधी जाऊन शत्रूला चिकटायचं, मग अ‍ॅस्टारियनने स्नीक अटॅक मारायचा (हा चोराचा जास्तीचा डॅमेज देणारा वार, शत्रूच्या शेजारी आपला माणूस असला की तो मिळतो), आणि तरी जिवंत राहिला तर लेझेलचा अटॅक बाकी आहेच.

लपून हल्ला केलात आणि शत्रूंनी तुम्हाला पाहिलंच नसेल तर ते सरप्राइज्ड होतात आणि पहिला टर्न गमावतात. एक अख्खा राउंड फुकट! पाच शत्रू असतील तर पाच टर्न एका फटक्यात गेले, एवढं कुठलाही पहिल्या लेव्हलचा स्पेल देत नाही. त्यासाठी ग्रुप तोडायचा, प्रत्येकाला वेगवेगळा मोक्याच्या जागी नेऊन बसवायचा, कीबोर्डवर शिफ्ट आणि स्पेस दाबून टर्न-बेस्ड मोड लढाईच्या आधीच चालू करायचा म्हणजे पहारेकरी फिरत असतील तर त्यांच्या नजरेचे लाल पट्टे बघत बघत सावकाश सरकता येतं. बोलणं सुरू करून लढाईत शिरायचं असेल तर बोलायला एकालाच पाठवा, बाकी तिघं आधीच छपरावर.

आणि कधी कधी तर लढाईच्या आधीच समोरच्याचे हात रिकामे करता येतात. सुरुवातीलाच पडक्या देवळाखालच्या तळघरात हाडांचे सापळे पडलेले असतात, एक बटण दाबलं की ते उठून अंगावर येतात. ते बटण दाबायच्या आधी त्या पडलेल्या सापळ्यांच्या अंगावरची शस्त्रं काढून घ्या, मग उठले तरी बिचारे मारणार कशाने. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गेमने ते खरंच चालवून घेतलं याचाच मला इतका आनंद झाला की काय सांगू. हाच विचार पुढे सगळीकडे लावता येतो, वाटेतलं पिंप आधी हलवून ठेवा, दार आधी बंद करा, शिडी कुठे आहे ते बघा. त्याच तळघरात विदर्स नावाचं पात्र भेटतं, तो पुढे कॅम्पवर येतो आणि १०० गोल्डमध्ये कोणाचाही क्लास (योद्धा, जादूगार असा प्रकार) पूर्ण बदलून देतो, म्हणून पार्टी बनवताना चूक झाली तर घाबरायचं काही कारण नाही.

आता टक्के. माउस नेला की ६०%, ७५% असं दिसतं, त्यामागे २० बाजूंचा फासा आहे, म्हणजे प्रत्येक एका अंकाला ५%. उंचावरून मारलं तर दोन अंक जास्त, म्हणजे १०% जास्त, खालून वर मारलं तर तेवढेच कमी, म्हणून ब्लाइटेड व्हिलेजमध्ये माझी ती गत झाली होती. अ‍ॅडव्हांटेज मिळालं तर दोन फासे पडतात आणि मोठा धरतात, ६०% असेल तर थेट ८४% होतं. आणि ब्लेस, पहिल्या लेव्हलचा साधा स्पेल, तिघांना प्रत्येक अटॅकला आणि सेव्हिंग थ्रोला (स्पेल वगैरे टाळायचा फासा) ४ बाजूंचा एक जास्तीचा फासा, सरासरी अडीच, म्हणजे साडेबारा टक्के, आणि ते पण दहा टर्न. नवीन लोक शॅडोहार्टच्या हातून अटॅक मारत बसतात आणि चुकतात म्हणून वैतागतात, त्यांना माझं सांगणं की पहिल्या टर्नला ब्लेस टाका आणि मग बघा बाकीच्यांचं काय होतं ते. धनुष्यवाल्याला किंवा फायर बोल्ट मारणाऱ्याला शत्रू अगदी जवळ, दीड मीटरच्या आत चिकटला असेल तर डिसअ‍ॅडव्हांटेज लागतं (दोन फाशांतला लहान धरतात), तेव्हा आधी कसा सुटायचा ते बघा, नाहीतर मॅजिक मिसाइल मारा, ते कधीच चुकत नाही.

जड चिलखतवाला शत्रू असेल आणि अटॅकचे टक्के ४० च्या खाली दिसत असतील तर तलवारीने डोकं आपटत बसू नका. त्याचा आर्मर क्लास (घाव लागणं किती कठीण तो आकडा) भक्कम असला तरी डेक्स्टेरिटी किंवा विस्डम कच्ची असू शकते, तिथे सेव्हिंग थ्रोवाले स्पेल चालतात. शत्रूवर एक्झामिन उघडून बघायला काहीच खर्च नाही, टर्न पण जात नाही, कशाने जास्त लागतं, कशाने कमी लागतं सगळं तिथे लिहिलेलं असतं. मी प्रत्येक नव्या जातीच्या शत्रूला आधी ते उघडतो, दहा सेकंद जातात.

कॉन्सन्ट्रेशन हा विषय समजला नाही तर मधल्या लेव्हल फार कठीण जातात. काही स्पेल चालू ठेवायला लक्ष लागतं आणि एका माणसाला एका वेळी असा एकच स्पेल धरता येतो, दुसरा टाकला की पहिला गेला. ब्लेस, होल्ड पर्सन, हेस्ट सगळे यातलेच. मार लागला की कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या चिवटपणाचा) सेव्ह पडतो, १० किंवा लागलेल्या डॅमेजच्या निम्मे, यातलं जे मोठं तेवढं पार करावं लागतं. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी आहे. तुमचा जो माणूस स्पेल धरून आहे त्याला पुढे उभं करू नका, आणि शत्रूचा जो जादूगार स्पेल धरून आहे त्याला सगळ्यात आधी मारा, मग ते अ‍ॅस्टारियनच्या साध्या बाणाने का होईना. मॅजिक मिसाइलचे तीन बाण एकाच जादूगारावर सोडले तर त्याला तीन वेगळे सेव्ह टाकावे लागतात, हे मला फार उपयोगी पडलंय.

हेस्टबद्दल मात्र सावध करतो. एक जास्तीची अ‍ॅक्शन मिळते म्हणून सगळे त्याच्या प्रेमात असतात, मीही आहे, पण स्पेल टाकणाऱ्याचं लक्ष तुटलं की ज्याच्यावर हेस्ट होता तो थकून एक टर्न नुसता उभा राहतो. तुमच्या सगळ्यात ताकदवान माणसाचा ऐन हातघाईत एक टर्न गेला म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच. म्हणून हेस्ट धरणाऱ्याला भिंतीच्या मागे ठेवा. नाहीतर स्पीडचं पोशन प्यायला द्या, त्याला लक्ष लागत नाही, फक्त ते तीनच टर्न टिकतं आणि नंतरचा थकवा त्यालाही आहे.

शत्रूचा टर्न खाणारे स्पेल हीच माझ्या मते खरी मजा. स्लीप पहिल्या लेव्हलचा आहे, त्यात सगळ्यांचे मिळून २४ हिट पॉइंटपर्यंतचे शत्रू सेव्ह न देता झोपतात, म्हणून तो राउंडच्या सुरुवातीला नाही तर शेवटी टाका, आधी मारून हिट पॉइंट कमी करा आणि मग दोघा-तिघांना एकदम झोपवा. झोपलेल्याला जवळून मारलेला घाव क्रिटिकल लागतो, फक्त एका घावात तो मरणार असेल तरच मारा, नाहीतर तो जागा होतो. होल्ड पर्सन माणसासारख्या शत्रूंवरच चालतो, पण चालला की तो माणूस दगड, जवळचा प्रत्येक लागलेला घाव क्रिटिकल. ग्रीस तर एवढा स्वस्त स्पेल आहे, दारात टाकला की अर्धे घसरून पडतात, आणि ते पेटतं पण, फायर बोल्टची एक ठिणगी पुरे. कमांड टाकून हातातलं शस्त्र खाली टाकायला लावता येतं, आणि टाकलेलं शस्त्र आपल्या माणसाने उचलून घेतलं की संपलं.

पार्टी कशी असावी यावर लोक फार वाद घालतात. माझं मत असं, की ऑनलाइन गेममध्ये जसा एक टँक सगळ्यांचा मार स्वतःवर ओढतो तसं इथे होत नाही. शत्रू तुमच्या चिलखतवाल्याला वळसा घालून सरळ कापडी झग्यातल्या गेलकडे जातात. म्हणून पुढच्या माणसाचं काम मार खाणं नाही, वाट अडवणं आहे. दार, पूल, शिडीचं तोंड, जिथे दोघं शेजारी उभे राहिले की वाट बंद होते अशी जागा शोधा. चौघांत एक वाट अडवणारा, एक लांबून मारणारा, एक शत्रूचे टर्न खाणारा आणि एक आपल्यांना उभं ठेवणारा असला की झालं, क्लासची नावं काहीही असोत. कार्लाक, लेझेल, विल, कोणीही घ्या. पाचव्या लेव्हलपर्यंत जरा जपून खेळा, तिथे फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, मंक यांना एका अ‍ॅक्शनमध्ये दोन अटॅक मिळतात आणि विझर्डला फायरबॉल, ८ फासे सहा बाजूंचे, सरासरी २८, आणि तिथून गेम एकदम मोकळा होतो.

हीलिंग लढाईच्या मध्ये फार करू नका हे ऐकायला विचित्र वाटेल. शॅडोहार्टने अख्खी अ‍ॅक्शन घालवून आठ-दहा हिट पॉइंट भरले आणि पुढच्या शत्रूने बारा काढले तर तो टर्न पाण्यात गेला. माणूस पडला की मात्र हीलिंग वर्डने लांबूनच उठवा, ते बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतं आणि अ‍ॅक्शन शिल्लक राहते. दोघं शेजारी पडले असतील तर पोशन त्यांच्यात फेका, बाटली फुटली की तिच्या शिंतोड्यात येणारे सगळे बरे होतात. खरं हीलिंग शॉर्ट रेस्टमध्ये आहे, दर लाँग रेस्टमागे दोन मिळतात, वापरा. आणि लाँग रेस्टची कंजुषी करू नका, बॅलन्स्ड मोडला ४० सप्लाय लागतात, टॅक्टिशियनला ८०, पण कोपऱ्याकोपऱ्यात खाण्याचे जिन्नस पडलेले असतात, उचलत राहा. स्पेल स्लॉट (किती स्पेल टाकता येतील त्याचा मोजका साठा) राखून राखून हरणारे लोक मी खूप पाहिलेत.

पाण्याची एक जोडी सांगतो. ओल्या शत्रूला वीज आणि थंडी दुप्पट लागते, आग मात्र निम्मी. क्लेरिकने पाणी पाडायचं किंवा कोणीही पाण्याची बाटली फेकायची आणि मागून विझर्डने लायटनिंग बोल्ट, २८ ची सरासरी थेट ५६. फक्त आपला माणूस त्याच डबक्यात उभा नाही ना ते बघा.

हे सगळं एकत्र कसं येतं ते त्याच ब्लाइटेड व्हिलेजखालच्या कोळ्यांच्या गुहेत बघायला मिळतं. तिथली फेज स्पायडर मेट्रियार्क तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला भयंकर जड जाते, ती इकडून तिकडे क्षणात उडी घेते, विष थुंकते, आणि आजूबाजूची अंडी फुटून पिल्लं बाहेर येतात. लोक सरळ तिच्याशी भिडतात आणि तिसऱ्या राउंडला सात-आठ कोळ्यांमध्ये अडकतात. तुम्ही आधी लपून एक फेरी मारा. अंडी कुठे आहेत ते बघा आणि ती आधीच लांबून नष्ट करा, प्रत्येक अंडं म्हणजे पुढचे कितीतरी टर्न. मग चौघांना वेगवेगळं उभं करा, कारण खेटून उभे राहिलात तर विष सगळ्यांना लागतं. आणि आता तिच्यावर नाही, ती ज्या जाळ्याच्या पुलावर उभी आहे त्या जाळ्यावर आगीचा बाण मारा. जाळं जळतं, ती एवढ्या उंचीवरून खाली आपटते, आणि तिचे हिट पॉइंट धाडकन खाली येतात. ती परत दुसऱ्या जाळ्यावर गेली तर तेही जाळा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिला स्वतःच्या तलवारीने मारावंच लागलं नाही म्हटलं तरी चालेल.

सराव करायचा तर या एका गुहेवरच करा. बाहेर एफ५ दाबून सेव्ह करा, एकदा सरळ जाऊन लढा, एकदा फक्त अंडी आधी मारून, एकदा जाळं जाळून, आणि दरवेळी शत्रूंना एकूण किती टर्न मिळाले ते कागदावर लिहा. कॉम्बॅट लॉग उघडा ठेवा, तिथे प्रत्येक फाशाचा हिशोब दिसतो, कोणता अंक कुठून आला, सेव्ह कितीने हुकला. ऑनर मोडमध्ये एकच सेव्ह असतो, तिथे एफ८ दाबून मागे येता येत नाही, तेव्हा तो मोड सुरू करायच्या आधी निदान पहिल्या अ‍ॅक्टच्या मोठ्या लढायांचे तुमचे कागद भरलेले असू द्या.